जिमखान्याची चावी घेण्याआधी

प्रिय पोरी,

तुझी नेमणूक झाल्याचं कळलं आणि संध्याकाळभर दुसरं काही सुचलं नाही. शारीरिक शिक्षणातली एम.पी.एड. झालीस, सेट ही राज्य पात्रता परीक्षा पास झालीस, क्षमता चाचणीत 8 मिनिटांत 1,000 मीटर धावलीस. आता दारावर 'शारीरिक शिक्षण संचालक' अशी पाटी लागेल. गावात तू 'पीटीच्या मॅडम'च राहशील. वाईट वाटून घेऊ नकोस, त्या हाकेत माया असते.

तू खो-खोची. पण कॉलेजात संचालक एकच, आणि कबड्डीपासून क्रॉसकंट्री, वेटलिफ्टिंग, बुद्धिबळापर्यंत सगळं त्याच्याच अंगावर. मी कबड्डीवाला. पहिली दोन वर्षं बाकीच्या पोरांना नुसतं सामान काढून द्यायचो. मग एका उन्हाळ्यात तालमीत वस्तादांपाशी जाऊन बसायला लागलो. कुस्ती आली नाही, पण पोराचा खांदा कुठल्या पकडीत जातो ते कळलं. प्रत्येक खेळाचं निदान एवढं तरी शिक, आणि पुढचं शिकवायला कोणाकडे पाठवायचं ते माहीत करून ठेव.

आता कागद. हे जीव तोडून सांगतोय. एका वर्षी आपल्या मुलींचा संघ आंतरविभागीयला गेला. एकीच्या पात्रता अर्जाला बारावीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स जोडायची राहिली. माझ्याकडून. तपासणीच्या टेबलावरच तिला वगळलं. सामना सुरू झाला तेव्हा ती फक्कीच्या रेषेबाहेर बसली होती; गुडघ्याचं क्रेप बँडेज सोडायची, हातानं सपाट करायची आणि परत गुंडाळायची. पूर्ण सामनाभर. मला एका शब्दानं बोलली नाही. तिचं ते शेवटचं वर्ष होतं. त्यानंतर प्रत्येक अर्ज मी खेळाडूला शेजारी बसवून, दोनदा वाचून मगच पाठवला. तूही तसंच कर. कारकुनावर सोडू नकोस.

निवड चाचणीत अंगापिंडावर जाऊ नकोस. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात असताना वार्षिक स्पर्धेसाठी क्रीडाशिक्षकांनी त्यांना नाकारलं होतं, प्राचार्यांनी उतरवलं, असं सांगतात. 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकमधून कुस्तीचं ब्राँझ त्याच पोरानं आणलं. आपल्या नकारानं घरी गेलेले किती असतील, हा विचार मला अजून झोपू देत नाही. म्हणून चाचणी दोन दिवस घे. पहिल्या दिवशी पोरं बुजलेली असतात. काही तर रात्रपाळी करून, उपाशीपोटी आलेली असतात. आधी खायला घाल, मग पळव.

मुलींच्या घरी स्वतः जा. "मॅडम सोबत आहेत ना?" एवढ्या एका प्रश्नावर कितीतरी पोरींचा खेळ अडतो. मी जाऊन जे पटवू शकलो नाही, ते तू उंबऱ्यात नुसती उभी राहिलीस तरी होईल.

बजेटसाठी भांडावं लागेल. प्राचार्यांकडे तोंडी जाऊ नकोस, लेखी दे आणि पोच घे.

रुजू होताना लोक पेढे देतील आणि डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे जिमखान्याच्या सामानाच्या नोंदवहीवर, सही मागतील. मॅट, भाले, गोळे, एकेक वस्तू हातात घेऊन मोजल्याशिवाय सही करू नकोस, मग दोन दिवस लागले तरी चालतील. मोजणी झाली की फोन कर. पहिल्या सरावाला मी येतोय.

तुझे,
सर