जास्त कोअरचा नवा सर्व्हर संध्याकाळच्या गर्दीत हळू का पडतो?

प्रश्न असा: इंदूरच्या कापड मार्केटातलं ठोक दुकान, बिलांचा डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस). ८ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) सर्व्हर काढून दोन सॉकेटचा, म्हणजे दोन प्रोसेसर चिपांचा, ३२ कोअरचा घेतला, तरी संध्याकाळी बिलं रखडतात.

एकटं बिल कोअर वाढवल्याने लवकर निघत नाही. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला एक प्रोसेस देतं, आणि बिलासारखी छोटी क्वेरी एकाच कोअरवर चालते. तिथे त्या कोअरचा क्लॉक (वेग) आणि कॅश (चिपमधली जलद मेमरी) हेच कामाला येतात. जास्त कोअरच्या चिपचा बेस क्लॉक बहुधा कमीच असतो. सर्व्हर विकणारा हे सांगत नाही.

ऐन गर्दीत सर्व्हरवर लिनक्सची ‘व्हीएमस्टॅट १’ (vmstat 1) ही कमांड चालवा; ती दर सेकंदाला सर्व्हरवरचा भार दाखवते. ‘आर’ (r, चालू असलेल्या किंवा प्रोसेसरची वाट बघणाऱ्या प्रोसेस) रकाना सतत कोअरच्या संख्येच्या वर असेल तर प्रोसेसर कमी पडतोय. ‘आर’ कमी आणि ‘डब्ल्यूए’ (wa, डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) चढा असेल तर दोष डिस्कचा; मग प्रोसेसर बदलून पैसे फुकट घालवू नका.

दोष प्रोसेसरचाच असेल तर आधी बायोसमधलं (सर्व्हर सुरू होतानाच्या सेटिंगमधलं) पॉवर प्रोफाइल आणि लिनक्सचा गव्हर्नर (क्लॉक किती ठेवायचा ते ठरवणारं सेटिंग) ‘परफॉर्मन्स’वर ठेवा. मग कनेक्शनं: ३००-४०० थेट उघडी असतील तर मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शनं सगळ्यांत वाटून देणारा प्रोग्राम) लावा, पूल (डेटाबेसकडे उघड्या ठेवायच्या कनेक्शनांची संख्या) कोअरच्या दुपटीपासून सुरू करून मोजत जा. हायपरथ्रेडिंगमुळे एक कोअर दोन थ्रेड म्हणून दिसतो; ते थ्रेड पूर्ण कोअर म्हणून धरू नका. दोन सॉकेटमध्ये आणखी एक मेख: दुसऱ्या सॉकेटला जोडलेली रॅम वाचायला जास्त वेळ लागतो, म्हणून सगळी रॅम एकाच बाजूच्या स्लॉटमध्ये तर नाही ना, ते बघा.

आणि मे महिन्यात बंद खोलीत, धुळीने भरलेल्या पंख्यांवर, चिप तापली की क्लॉक आपोआप खाली येतो.