पाण्याचा अहवाल 'चांगला' आला म्हणजे खाडी निरोगी आहे असं समजायचं का?

नाही. आणि असे अहवाल बनताना मी जवळून पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका पाहणीत आमचे प्रमुख नमुने घ्यायला लावायचे ते भर दुपारी, भरतीला आणि पृष्ठभागाजवळून. दुपारच्या उन्हात शैवाल ऑक्सिजन सोडत असतं आणि भरतीनं समुद्राचं पाणी आत आलेलं असतं. मग आकडे चांगले येणारच! मी म्हणत होतो, पहाटे घ्या, ओहोटीला घ्या, तळाजवळचं घ्या. नदीचं गोडं पाणी हलकं, ते वर राहतं. खारं जड पाणी खाली अडकतं आणि त्याला हवा मिळत नाही. तिथला विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे निघून जातात, ज्यांना हलता येत नाही ते मरतात. "पद्धत ठरलेली आहे," एवढंच उत्तर मिळालं.

शेवटी मी तळाचा गाळ काढून अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुतला. शिंपले नाहीत, खेकडे नाहीत. जवळपास सगळे कॅपिटेला नावाचे बारीक लालसर किडे. सेंद्रिय घाण साचलेल्या गाळात असेच किडे माजतात, हे पिअर्सन आणि रोझेनबर्ग या सागरी शास्त्रज्ञांनी १९७८ सालीच मांडलंय. अहवालात ती यादी परिशिष्टात गेली आणि पहिल्या पानावर शेरा आला, 'पाण्याची गुणवत्ता समाधानकारक'.

खाडीचं पाणी भरती-ओहोटीबरोबर बदलत राहतं. किडे जागा सोडत नाहीत, त्यामुळे गेल्या कित्येक महिन्यांत तळानं काय सोसलं ते त्यांच्यावरून कळतं. युरोपीय संघानं २००० सालच्या पाणीविषयक कायद्यात तळाचे जीव, प्लवक (पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शैवालं) आणि पाणवनस्पती तपासायला लावल्या, खाड्यांमध्ये मासेही, ते उगाच नाही. तुमच्या अहवालात नमुन्याची वेळ, खोली आणि भरती-ओहोटी लिहिलेली नसेल तर तो शेरा मानू नका. पद्धत ठरलेली आहे असं कोणी म्हणालं तर ती कशासाठी ठरवली ते विचारा.

किड्यांवरूनही चुकीचा निष्कर्ष निघू शकतो, हेही सांगायला हवं. खाडीत क्षारता सतत वरखाली होते, त्यामुळे मुळातच मोजक्या सोशिक जाती टिकतात आणि प्रदूषण नसतानाही खाडी आजारी दिसू शकते. म्हणून तुलना तेवढ्याच क्षारतेच्या, तशाच गाळाच्या, कमी बिघडलेल्या जागेशीच करायची. आणि तुम्हाला पोहायचं असेल तर किडे काही सांगणार नाहीत, त्यासाठी मैलापाण्यातले जिवाणू वेगळे तपासून घ्या.