अकरावी मस्कतला की बेळगावात, आधी हे ठरवा, कॉलेज नंतर बघू

मस्कतहून एका वहिनींनी विचारलंय. माहेर खानापूरचं, सासर टिळकवाडीत, मुलगी आत्ताच दहावी झाली, तिला कम्प्युटर सायन्सच करायचंय. सासरे म्हणतात घर रिकामं आहे, व्हीटीयू (कर्नाटकातली इंजिनिअरिंगची युनिव्हर्सिटी) बेळगावजवळ मच्छेत म्हणजे दाराशीच, पोरीला पीयूसीलाच (इथली अकरावी-बारावी) इकडं आणा, पुढं इंजिनिअरिंग पण इथंच होतंय की.

वहिनी, आजोबांना नात जवळ हवीय, त्यात चूक काहीच नाही. पण अकरावी कुठं करायची यावरच पुढची निम्मी दारं उघडतात किंवा बंद होतात, आणि हे बरेच जण दोन वर्षांनी शोधत बसतात. आमच्या दिरांच्या मुलाचं असंच झालं. शारजाहून आणून इथं पीयूसीला घातला, मग जेईई (इंजिनिअरिंगची देशभराची प्रवेश परीक्षा) झाल्यावर कळलं की गल्फमधल्या मुलांसाठी एनआयटीत (केंद्र सरकारची इंजिनिअरिंग कॉलेजं) असलेला कोटा आता त्याला लागूच नाही, कारण अकरावी-बारावी बाहेर झालेली लागते. घरात आठवडाभर कुणी धड बोललं नाही.

तो कोटा म्हणजे डासामधला (परदेशातून येणाऱ्या मुलांसाठीची प्रवेश योजना) सीआयडब्ल्यूजी, गल्फमध्ये नोकरी करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी, ओमान त्यात येतं. रँक जेईई मेनचीच लागते, सॅट (अमेरिकेतली प्रवेश परीक्षा) वगैरे २०२१ पासून चालत नाही, आणि जेईईचं सेंटर मस्कतलाच असतं. फीमध्ये फार मोठा फरक आहे. एनआयटीत इथल्या जनरलच्या मुलांना ट्युशन फी वर्षाला १,२५,००० रुपये, या कोट्यात पण तेवढीच, आणि अमेरिका-युरोपातून डासानं येणाऱ्यांना साधारण ८,००० डॉलर! सुरतकल आहे, नागपूर आहे, आणि मला विचाराल तर गोव्याची एनआयटी विसरू नका, ती कुंकळ्ळीला आहे, खानापूरहून लोंढ्यावरून मडगावची रेल्वे धरली की पोरगी सुट्टीला आजोळी. आयआयटीत मात्र हा कोटा नाही.

आता इकडं आणलं तर काय मिळतं ते पण बघा. केसीईटीला (कर्नाटक सरकारची प्रवेश परीक्षा) मुख्य नियम कर्नाटकात सात वर्षं शिकल्याचा, तो तिला बसत नाही, पण आई किंवा वडील सात वर्षं इथं शिकलेले असतील आणि मुलीची अकरावी-बारावी इथं झाली तर वाट आहे, तुम्ही खानापुरात शिकलात म्हणजे दाखले काढून ठेवा. ते नसलं तरी कॉमेडके (इथल्या खासगी कॉलेजांची प्रवेश परीक्षा) सगळ्यांना खुली आहे, ती मस्कतला बारावी करून पण देता येते. म्हणजे बेळगावचं कॉलेज कुठं पळून जात नाही, एनआयटीचं दार मात्र जातं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, बारावीपर्यंत तिकडंच राहू दे.

(तुमच्या भावाची मुलं खानापुरातच शिकत असतील तर त्यांना सांगा, वादग्रस्त सीमाभागात राहून इथंच दहावी-बारावी केलेल्या मराठी मुलांना महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात टाईप ई खाली अर्ज करता येतो. आपल्याकडं कित्येकांना हे माहीतच नसतं.)

बेळगावातलंच कॉलेज घ्यायचं ठरलं तर उद्यमबागेत जाऊन कॉलेजची इमारत बघून हुरळून जाऊ नका. एनबीए (कोर्सच्या दर्जाची मान्यता) कॉलेजला नसतं, ब्रँचला असतं, तेव्हा कम्प्युटर सायन्सला आहे का आणि टियर वन आहे का ते विचारा. ऑटोनॉमस कॉलेज आणि युनिव्हर्सिटीच टियर वनमध्ये येतात आणि २०१४ पासून भारत वॉशिंग्टन करारात (देशांनी एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानण्याचा करार) आहे तो त्यांच्यासाठीच, उद्या पोरीला कॅनडा-ऑस्ट्रेलियात इंजिनिअर म्हणून नाव नोंदवायचं झालं तर याचा उपयोग होतो. नावात एआय, डेटा सायन्स जोडलेल्या ब्रँच असतील तर सिलॅबस काढून बघा, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क, अल्गोरिदम पूर्ण आहेत का, शिकवणारे टिकून आहेत का, आणि हे फायनल इयरच्या मुलींनाच विचारा, ऑफिसात नको.

व्हीटीयूत कन्नडचा एक छोटा पेपर पण असतो, येत नसलेल्यांना बळके कन्नड, म्हणजे बोलण्यापुरतं. घाबरू नका, आजोबा शिकवतीलच.

यंदा सुट्टीला याल तेव्हा तिला गोव्याला पण नेऊन आणा आणि उद्यमबागेत पण, दोन्ही बघू दे. आणि यजमानांच्या नोकरीचे, रेसिडेन्सीचे कागद आत्तापासून एका फायलीत लावा, ऐनवेळी मस्कतहून सही-शिक्के मागवत बसायला वेळ नसतो.