४×५ ट्विन लेन्सवर फोकस डोळ्यावर करतो, शार्प मात्र कान येतो, चूक कुठे शोधू?

तुम्ही लिहिलंय की कॅमेरा जुना ४×५ इंची फिल्मचा ट्विन लेन्स आहे (वरच्या लेन्सने बघायचं, खालच्या लेन्सने फोटो काढायचा), दोन्ही लेन्स १८० मिमी, २ मीटरवरून पोर्ट्रेट काढता, एफ ५.६ वर. वरच्या काचेवर (ग्राउंड ग्लास, आरशातून आलेली प्रतिमा जिच्यावर बघून फोकस करतात) डोळा कडक दिसतो आणि फिल्मवर प्रत्येक वेळी कान शार्प. आणि आता वरच्या लेन्सखालच्या पत्र्या काढून जुळवून टाकायचा विचार आहे. कृपया लेन्सला अजून हात लावू नका. मी साधारण हेच केलं होतं, खालच्या लेन्सच्या बोर्डाखाली पितळी पत्र्यांचे शिम घातले, सगळं छान जुळलं, वर्षभर वापरला, मग वरची काच फुटली म्हणून नवीन बसवली आणि फोकस थेट नाकाच्या पुढे जायला लागला. म्हणजे लेन्स आधीपासून बरोबरच होत्या, चूक काचेत होती आणि मी ती लेन्सपाशी दाबून ठेवली होती. म्हणून आधी चूक कुठल्या दिशेला आहे, किती आहे आणि अंतराबरोबर बदलते का, हे तीन समजू द्या, स्क्रूड्रायव्हर त्यानंतर.

किती आहे ते तुमच्या माहितीवरूनच काढता येतं. कान डोळ्याच्या १० सेंमी मागे धरा. २ मीटरवर १८० ची लेन्स वस्तू साधारण १/१० आकाराची दाखवते, आणि खोलीच्या बाबतीत त्याचा वर्ग होतो म्हणजे १/१००, तर समोरचे १० सेंमी म्हणजे फिल्मपाशी १ मिमी. एफ ५.६ ला धूसर होऊन ०.१ मिमीचा झालेला ठिपका चालवून घेतला तरी फिल्मपाशी एका बाजूला सवलत जेमतेम अर्धा मिमी मिळते, त्यामुळे १ मिमी ही नजरेची किंवा काचेवर धरायच्या भिंगाची चूक नाही, कॅमेऱ्यातच काहीतरी १ मिमीने सरकलंय.

आता दिशा. मागचं शार्प येतंय म्हणजे खालच्या लेन्सपासून फिल्मचं अंतर कमी पडतंय, किंवा उलट बाजूने बघितलं तर वरच्या लेन्सपासून आरशामार्गे काचेपर्यंतचा रस्ता जास्त लांब झालाय. हे कळलं की अर्धे संशयित आपोआप गळतात. उदा. होल्डर (फिल्म ठेवायची चपटी चौकट) नीट न बसणं, मागे फट राहणं, यात फिल्म लेन्सपासून लांब जाते आणि नाक शार्प येतं, तुमचं उलट आहे. होल्डरच्या खोलीचं म्हणाल तर ४×५ चं स्टँडर्ड ०.१९७ इंच म्हणजे ५ मिमी आहे, त्यात ०.१८ मिमी इकडेतिकडे चालतं, सरळ असलेल्या होल्डरमध्ये १ मिमीचा फरक सहसा नसतोच. तरी दोन वेगळ्या होल्डरांवर एकेक शॉट काढा, दोन्हीत सारखीच चूक आली तर होल्डर सोडून द्या.

माझा पहिला संशय वरच्या काचेवर आहे. झाकण उघडून बघा की ग्राउंड ग्लासच्या खाली, आरशाच्या बाजूला, प्लास्टिकचा फ्रेनेल (गोल खाचांचं पातळ, सपाट भिंग) बसवलाय का. जुन्या मालकांनी उजेड वाढावा म्हणून हे फार सर्रास केलेलं असतं आणि फ्रेनेल मूळच्या टेकूंवर ठेवून काच त्याच्यावर बसवली की काच फ्रेनेलच्या जाडीने वर जाते. त्यातली साधारण एक तृतीयांश जाडी प्लास्टिकमधून जाताना प्रकाशच भरून काढतो, कारण प्लास्टिकमुळे प्रतिमा तेवढी मागे सरकते, पण उरलेली दोन तृतीयांश चूक तशीच राहते. फ्रेनेल १.५ मिमीचा असेल तर चूक बरोबर १ मिमी! तुमच्या आकड्याशी इतकं जुळतंय की मी पैज लावायला तयार आहे. फ्रेनेल काढून काचेच्या वर ठेवा, डोळ्याच्या बाजूला, तिथे तो फोकसला काही करत नाही. फक्त एक बघा, कॅमेरा मुळातच फ्रेनेल खाली धरून बनवलेला असेल तर टेकू त्या हिशोबाने खाली असतात, तेव्हा तो काढून चूक उलटी होईल, म्हणून काढल्यावर टेस्ट हवीच.

फ्रेनेल नसेल तर काचेची खरखरीत बाजू कुठे आहे ते नखाने बघा. ती आरशाकडे हवी. साफ करून उलटी बसवली असेल तर २ मिमी काचेत १.३ मिमीची चूक येते, आणि तीसुद्धा कानाकडेच.

मग आरसा. त्याच्या मागे फेल्ट किंवा कागदाची पट्टी असते, ती दबली वा गळून पडली की आरसा मागे बसतो आणि ४५ अंशाला असल्यामुळे अर्ध्या मिमीने मागे गेला की रस्ता ०.७ मिमीने लांबतो. आरसा समोरून चांदी चढवलेलाच हवा, घरगुती आरसा कापून लावला असेल तर प्रतिमा दुहेरी दिसते, पेन्सिलचं टोक टेकवून बघा, टोक आणि प्रतिबिंब यांच्यात फट दिसली तर तो चुकीचा.

चौथी गोष्ट फार लोक बघत नाहीत आणि मला ती या कॅमेऱ्यांमध्ये सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन शटरवाल्या जड लेन्स एकाच बोर्डावर, बेलोज (घड्यांचा भाता) लांब ओढला की पुढचा भाग जरा वाकतो. दोन लेन्सच्या मध्यांत १४ सेंमी अंतर असेल तर ०.२ अंश झुकणंही वरच्या लेन्सला अर्धा मिमी पुढे नेतं. पुढे झुकला की चूक पुन्हा कानाकडे. भिंग लावून काचेवर फोकस करा आणि बोर्डाच्या वरच्या कडेला बोटाने हलकं मागे ढकला, प्रतिमेची धार बदलली तर रुळांत ढिलाई आहे, तिथला स्क्रू आवळा किंवा रेल साफ करा. पीटर गौलंड या अमेरिकन फोटोग्राफरचे गौलंडफ्लेक्स काय किंवा इतर ४×५ ट्विन लेन्स काय, हे कारखान्यातून हजारोंनी निघालेले कॅमेरे नाहीत, त्यामुळे प्रत्येकाची ढिलाई वेगळी.

अंतराची टेस्ट शेवटी. समोर कार्डं उभी करा, एकामागे एक २ सेंमी अंतराने, थोडी बाजूला सरकवत म्हणजे सगळी दिसतील, मधल्यावर फोकस, पूर्ण उघड्या छिद्रावर शॉट. फिल्म महाग पडते म्हणून डार्करूमचा फोटो पेपर होल्डरमध्ये घालून चालतं, फिल्मपेक्षा जाड असल्यामुळे किंचित पुढे बसतो पण १ मिमीच्या चुकीत तो फरक दिसत नाही. १ मीटरला आणि ५ मीटरला करा, ५ मीटरला मात्र कार्डं साधारण २० सेंमी अंतराने ठेवा, तिथे फिल्मपाशी १ मिमीची चूक समोर पाऊण मीटरहून जास्त होते. फिल्मपाशी चूक दोन्हीकडे सारखी निघाली तर काच, फ्रेनेल, आरसा यांपैकीच काहीतरी. दूर बरोबर आणि जवळ जास्त असेल तर आधी झुकणं बघा, ते नसेल तर लेन्सच्या फोकल लेन्थ खरंच वेगळ्या आहेत. दोन्हींवर १८० छापलेलं असलं तरी १ टक्का फरक सहज असतो, इन्फिनिटीला (खूप दूरच्या वस्तूला) जुळवून २ मीटरला आलात की तो ०.४ मिमी होतो आणि १ मीटरला ०.९ च्या जवळ. याला शिम लावून उपाय नाही, जोडी बदलावी लागते किंवा नेहमीच्या अंतराला जुळवून ठेवावं लागतं. फक्त लेन्सचा पुढचा वा मागचा सेल (काचांचा गट) शटरमध्ये पूर्ण आवळलाय का ते आधी बघा, दीड आटा सुटा असला तरी असंच होतं.

फिल्म न वापरता इन्फिनिटी तपासायची असेल तर एखाद्या एसएलआरला १३५ किंवा २०० ची लेन्स लावून खूप दूरच्या वस्तूवर फोकस करा आणि तो फोकस न हलवता वरच्या लेन्समधून आत बघा. काचेच्या खरखरीत बाजूला पेन्सिलने फुली काढून वरून टॉर्च मारा, फुली कडक दिसेपर्यंत कॅमेऱ्याचा फोकस फिरवा आणि तिथेच थांबा. मग खालच्या लेन्समधून बघा, शटर उघडं ठेवून, मधली पट्टी कापलेल्या टाकाऊ होल्डरमध्ये ओरखडा मारलेली निगेटिव्ह घालून, मागून टॉर्च. ओरखडाही कडक दिसला तर दोन्ही रस्ते जुळलेत. माझी नवीन काच याच पद्धतीने एका संध्याकाळी जुळली, आणि त्या पितळी पत्र्या मी काढून टाकल्या.

आधी फ्रेनेल बघा आणि त्याची जाडी व्हर्नियरने मोजून कमेंटमध्ये टाका, सोबत १ आणि ५ मीटरला कितवं कार्ड शार्प आलं तेही. तेवढ्यावरून पुढचं सांगता येईल.