मुंबईच्या चोरबाजारात पहिल्यांदा जाताना

शुक्रवारी पहाटे जा. मटन स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची दुकानं त्या दिवशी बंद असतात, पण रस्त्यावर जुमा बाजार भरतो आणि खरी गंमत तिथेच. खिशात मोजकी रोकड ठेव. नोटा संपल्या की हात आपोआप आवरतो. बंद पडलेला रेडिओ, पितळी कडी, कुणाच्या तरी दारावरची जुनी पाटी, काहीही आवडू दे. ‘याचा उपयोग काय?’ हे घरचे विचारतीलच, तू कशाला विचारतोस! फक्त आपल्या खोलीला माळा एकच आहे, म्हणून पिशवीत मावेल तेवढंच घे. भोंग्याचा ग्रामोफोन नकोच. सुटे भाग जुळवून केलेले नवे ग्रामोफोन तिथे ‘अँटिक’ म्हणून सर्रास खपतात. घासाघीस करताना मात्र नजर दुसऱ्याच वस्तूवर ठेव.