400 मीटर फ्रीस्टाईलमध्ये दोनशेनंतर दम का जातो आणि श्वास कसा घ्यायचा?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: खानापूरच्या बाजूचा आहेस, विहिरीत आणि मलप्रभा नदीत पोहायला शिकलास, आता कॉलेजकडून 400 मीटर फ्रीस्टाईलला उतरतोस. पहिल्या शंभरात सगळ्यांच्या पुढे असतोस, दोनशेनंतर हात जड होतात आणि धाप लागते. मागच्या वेळी 6:10 वेळ लागली, शंभराचे स्प्लिट (दर शंभर मीटरची वेगळी वेळ) 1:18, 1:33, 1:41, 1:38. श्वास दर दोन हातांना घ्यावा की तीन, आणि दम वाढवायला पाण्याखाली श्वास रोखायचा सराव करावा का?

वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो. मी बेळगावात सकाळी पोरांना पोहायला शिकवतो आणि 400 ही माझी सगळ्यांत लाडकी शर्यत आहे. ना धड स्प्रिंट, ना धड लांब पल्ला. नुसत्या ताकदीवर ती कुणाला दाद देत नाही.

आधी सरळ उत्तर देतो. शर्यतीत दर दोन हातांना श्वास घे, तोही पहिल्याच लेंथपासून (लेंथ म्हणजे टँकची एक लांबी). श्वास रोखायचा सराव अजिबात करू नकोस. पण तुझा दम श्वासाच्या गणितामुळे जात नाहीये. तो त्या 1:18 मुळे जातोय.

तुझेच आकडे बघ. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो वेग टिकवायला लागणारी ताकद घनाने वाढते. 6:00 मारायचे असतील तर तुझं पहिलं शंभर साधारण 1:26 ला यायला हवं. तू 1:18 ला गेलास, म्हणजे वेग दहा टक्क्यांनी जास्त, पण ताकद जवळपास एक तृतीयांशाने जास्त. हे आठ सेकंद तू उसने घेतलेस आणि तिसऱ्या शंभरात व्याजासकट फेडलेस. वरून तुला वाटतं की छाती कमी पडली.

सहा मिनिटांच्या या शर्यतीत लागणारी बहुतेक ऊर्जा ऑक्सिजनवर चालते, साधारण पाचातले चार हिस्से तरी. पण सुरुवातीलाच मर्यादेच्या वर वेग नेला की स्नायू ऑक्सिजनविना ऊर्जा काढायला लागतात, त्यातून आम्लता वाढते, हात शिशासारखे होतात. एकदा तिथे पोचलास की शर्यत चालू असताना मागे फिरता येत नाही. कितीही श्वास घेतलास तरी.

डाइव्हमुळे पहिले पन्नास मीटर तसेही दीड-दोन सेकंदांनी फुकटात जलद येतात. अंगात नवा जोर असतो, मनात धडधड असते, त्यामुळे बरोबर वेगाने गेलं तरी पहिलं शंभर फार हळू वाटतं. तसं वाटलं तरच ते बरोबर जमलंय असं समज. माझ्या मते तुझी पुढची शर्यत 1:26, 1:31, 1:32, 1:31 अशी पोहायची. बेरीज 6:00 होते. पहिल्या शंभराला तू चौथा-पाचवा असशील. असू दे.

2021 च्या टोकियो ऑलिम्पिकमधली महिलांची 400 मीटर फायनल मिळाली तर नीट बघ. अमेरिकेची केटी लेडेकी दोनशेला 1:57.44 वर होती, ऑस्ट्रेलियाची आरियार्न टिटमस 1:58.10 वर, म्हणजे सहासष्ट शतांश सेकंद मागे. टिटमसने तिला शेवटच्या शंभरात गाठलं आणि 3:56.69 मध्ये जिंकली, लेडेकी 3:57.36. आता दुसरे दोनशे काढ: टिटमस 1:58.59, लेडेकी 1:59.92. टिटमसच्या दोन अर्ध्यांत अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही, तेही पहिल्या अर्ध्यात डाइव्ह धरून. त्याच ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची 400 ट्युनिशियाच्या 18 वर्षांच्या अहमद हफनावीने जिंकली, आठव्या लेनमधून. फायनलला तो सगळ्यांत शेवटचा पात्र ठरला होता. कडेच्या लेनमधून बाकीचे धड दिसतही नाहीत, आपली आपण शर्यत पोहावी लागते. तुलाही मी हेच सांगीन: पहिले दोनशे बाजूच्या लेनकडे बघायचं नाही.

आता श्वास. पाण्यात जी घुसमट होते ती सहसा ऑक्सिजन संपल्याची नसते, आत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची असते. म्हणजे अडचण श्वास घेण्यात कमी आणि सोडण्यात जास्त. विहिरीत शिकलेल्या पोरांत मला हे कायम दिसतं. उडी मारताना छाती भरून घेतात आणि तोंड पाण्यात असेपर्यंत तो श्वास आतच धरून ठेवतात. मग तोंड बाहेर आलं की त्या एवढ्याशा वेळात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा. दोन्ही अर्धवट होतं. वरवरचा श्वास जात-येत राहतो आणि छाती भरलेलीच असते.

हे काठावरून चालता चालता ओळखता येतं. मी लेनच्या बाजूने पोरांबरोबर चालतो आणि नाकातोंडासमोरचे बुडबुडे बघतो. ज्याचा श्वास नीट चाललाय त्याचे बारीक बुडबुडे सलग येतात आणि तोंड वळायच्या जरा आधी एकदम मोठा फुगारा येतो. ज्याचे बुडबुडे मधेच बंद पडतात तो पुढच्या दोन लेंथमध्ये ढेपाळणार, हे त्याला कळायच्या आधी मला कळतं. मग आमच्या टँकवर आरडाओरडा सुरू होतो. कन्नड पोरांना "उसिरु बिडु!" आणि आपल्यांना "सोड की रे श्वास, साठवून काय करूलालैस!" तुझ्या एखाद्या मित्राला मोबाईलवर तुझा व्हिडिओ काढायला सांग, बाजूने आणि पाण्याच्या जवळून. वेळेपेक्षा आधी बुडबुडे बघ.

सोडताना नाक आणि तोंड दोन्ही वापर. हात पुढे जाऊन पाणी पकडायला लागला की हळूहळू सोडायला सुरुवात, आणि तोंड बाहेर यायच्या क्षणी उरलेला जोरात फुंकून टाक. मग घ्यायला वेगळं काही करावं लागत नाही, हवा आपोआप आत येते. मान उचलू नकोस, अंग वळतं त्याच्याबरोबर डोकं वळू दे. एक गॉगल पाण्यात राहिला पाहिजे. डोक्यामुळे पुढे छोटी लाट होते आणि तिच्या मागे, गालाजवळ, पाण्यात खळगा पडतो. तोंड त्या खळग्यात उघडतं. विहिरीत शिकलेल्याला डोकं वर ठेवायची सवय असते, कारण समोर भिंत कधी येईल सांगता येत नाही. पण डोकं वर गेलं की पाय खाली जातात आणि मग पायांनी वल्हवत अंग वर धरण्यात निम्मी ताकद जाते.

दोन हातांना की तीन, यावर टँकवर बरेच वाद झडतात. दर तीन हातांना घेतला की दोन्ही बाजूंनी श्वास होतो, अंग सारखं वळतं, सरावासाठी फार चांगलं. वॉर्मअपला आणि सावकाश पोहताना तसंच पोह. पण शर्यतीत दर तीनला घेतल्याने हवा एक तृतीयांशाने कमी मिळते, आणि 400 मध्ये ती परवडत नाही. लेडेकीसुद्धा बहुतेक वेळ एकाच बाजूला, दर दोन हातांना घेते. पहिलं शंभर "अजून दम आहे" म्हणून श्वास गाळणारी पोरं खूप आहेत. दम आहे तेव्हाच घ्यायचा असतो, कारण त्याचा हिशेब मिनिटभर उशिरा येतो.

टर्नजवळ मात्र शिस्त हवी. भिंतीकडे जाताना शेवटच्या हाताला श्वास नको, त्याने गुलाटी मंदावते. त्याच्या आधीच्या हाताला घे. गुलाटी मारताना नाकातून सोडत राहा म्हणजे पाणी जात नाही. भिंतीवरून ढकललं की सरळ, ताणलेलं अंग, आणि वर आल्यावर पहिला हात श्वासाविना, दुसऱ्याला घे. पाण्याखाली 15 मीटरपर्यंत राहायची परवानगी आहे, पण तुझ्यासाठी चार-पाच मीटर पुष्कळ. त्याहून जास्त राहशील तर वेगात थोडं कमावशील आणि श्वासात सगळं घालवशील. शेवटच्या पाच मीटरला डोकं खाली, श्वास नाही, हात लागेपर्यंत.

पायांचंही सांगून ठेवतो, कारण मांडीचे स्नायू मोठे आणि ऑक्सिजन खाण्यात पटाईत. पहिल्या तीनशेत पाय अंग सरळ ठेवण्यापुरते, हलके. शेवटच्या शंभरात काय ते मारून घे.

सराव तिसऱ्या शंभरासाठी कर, 400 ची शर्यत तिथेच हातची जाते. पुढे असल्याचा आनंद संपलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. माझ्या पोरांना मी हा सेट देतो: 200 मीटर ठरलेल्या वेगाने, तुझ्यासाठी 3:00 च्या आसपास, 15 सेकंद थांबायचं, लगेच 100 मीटर 1:31 मध्ये. मग सावकाश 100 पोहून पुन्हा. असे तीन-चार फेरे. दुसऱ्या दिवशी 50 मीटर आठ वेळा, प्रत्येक 45 सेकंदांत, दर 1:05 ला सुटायचं. यात 42 आणलेस तर मी शाबासकी देणार नाही, पुन्हा करायला लावीन. नेमका 45 अंगात बसला पाहिजे, घड्याळ न बघता. शिवाय प्रत्येक लेंथचे हात मोज. पहिल्या लेंथपेक्षा सहाव्या लेंथला बरेच जास्त होत असतील तर तू थकून पाण्यावरची पकड सोडतोयस, तिथे हात जलद फिरवण्यापेक्षा पुढे लांब टाक.

श्वास रोखण्याबद्दल कळकळीने सांगतो. जोरजोरात श्वास घेऊन मग पाण्याखाली जास्तीत जास्त थांबायचं, ही पैज आपल्याकडे विहिरींवर सर्रास लागते. जोरजोरात श्वास घेतल्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी होतो. म्हणजे "वर ये" म्हणणारी घंटाच बंद पडते आणि माणूस काही न कळता पाण्यात बेशुद्ध होतो. चांगले पट्टीचे पोहणारे असे गेलेत. एकट्याने तर कधीच नको, आणि तुझ्या शर्यतीला त्याचा उपयोगही नाही.

स्पर्धा डिसेंबर-जानेवारीत असेल तर एक गोष्ट. आपल्याकडच्या उघड्या टँकचं पाणी त्या दिवसांत सकाळी चांगलंच गार असतं. गार पाण्यात पडल्या पडल्या श्वास आपोआप तोकडा आणि जलद होतो, आणि पहिल्या पन्नासातच सगळी लय बिघडते. म्हणून अंग कोरडं ठेवून थेट ब्लॉकवर (सुरुवातीची उडी मारायच्या ओट्यावर) जाऊ नकोस. चारशे-पाचशे मीटर सावकाश, त्यात बुडबुड्यांवर लक्ष, मग एक पन्नास बरोबर 45 मध्ये, मग टॉवेल आणि स्वेटर. ब्लॉकवर चढायच्या आधी दोन-तीन लांब उच्छ्वास सोड, त्याहून जास्त काही नको.

एखाद्या शनिवारी टाइम ट्रायल कर आणि कुणाला तरी दर पन्नासाला वेळ लिहायला बसव. आठही आकडे मला कळव, जमलं तर सहाव्या लेंथचा व्हिडिओही. ते बघून पुढच्या महिन्याचा सराव लिहून देतो.