बेसबॉलमध्ये जीव तोडून खेळणाऱ्या आउटफिल्डरला आवर घालावा का?

आउटफिल्डर म्हणजे मैदानाच्या टोकाकडचा क्षेत्ररक्षक. चेंडूमागे धावताना सीमेवरच्या भिंतीवर आदळणाऱ्या आणि धाव घेताना डोकं पुढे करून बेसवर (धावणाऱ्याने गाठायच्या ठिकाणावर) झेपावणाऱ्या अशा मुलाला ‘जरा दमानं’ म्हणावं का, असं विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे, म्हणू नये. चेंडू हवेत असताना तो सल्ला कुणाच्याच डोक्यात राहत नाही. अंगात मुरवायची ती सवय.

आधी भिंत. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, तिच्यापुढचा वॉर्निंग ट्रॅक (भिंत जवळ आल्याची सूचना देणारा मातीचा पट्टा) साधारण १५ फुटांचा असतो. सेकंदाला २७ फूट धावणारा खेळाडू हा पट्टा जेमतेम अर्ध्या सेकंदात पार करतो. म्हणजे बुटाखाली माती लागल्यावर उरतात दोन-तीन पावलं. म्हणून सामन्याआधी ट्रॅकच्या कडेपासून भिंतीपर्यंतची पावलं मोजून घ्यायची. चेंडू उंच असेल तर आधी भिंत गाठायची, मोकळ्या हाताने ती चाचपायची आणि मगच वर बघत पुढे यायचं. शेजारच्या फील्डरने भिंत जवळ आल्याचं ओरडून सांगायलाच हवं. धडक टळणार नसेल तर अंग वळवून कुशीवर घ्यायची. तोंड आणि गुडघे समोर नकोत.

स्लाइडमध्ये, म्हणजे बेसवर घसरत पोहोचताना, बळी जातो तो हाताच्या अंगठ्याचा. २०१७ मध्ये मेजर लीगचा आउटफिल्डर माइक ट्राउट सेकंड बेसवर डोकं पुढे करून घसरला, अंगठ्याचा लिगामेंट (हाडं जोडणारा बंध) फाटला आणि ३९ सामने गेले. हाताच्या पंजावर चढवायचा कडक स्लाइडिंग मिट याचसाठी असतो. मिट नसेल तर बोटं वर उचललेली हवीत. होमवर, म्हणजे धाव पूर्ण होते त्या शेवटच्या बेसवर, मात्र पायच पुढे, कारण तिथे कॅचरचे (यष्टिरक्षकासारख्या खेळाडूचे) कडक शिनगार्ड, म्हणजे नडगीचे पॅड, असतात. २०११ मध्ये आउटफिल्डर जॉश हॅमिल्टनच्या दंडाचं हाड होमवर अशाच झेपेत मोडलं. फर्स्ट बेसवर तर बेसला पाय लावून पुढे धावत जायची मुभाच आहे, तिथे घसरायचं कशाला?

खरं नुकसान होतं ते मार लपवल्याने. ब्रुकलिन संघाचा आउटफिल्डर पीट रायझर १९४१ मध्ये फलंदाजीच्या ०.३४३ सरासरीने (शंभर प्रयत्नांत साधारण ३४ यशस्वी फटके) नॅशनल लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकात, पहिला आला. १९४२ च्या जुलैत तो सेंट लुईसच्या भिंतीवर आदळला, डोक्याला जबर मार बसला, तरी लवकरच परत खेळायला उतरला आणि त्याची फलंदाजी त्या हंगामात घसरतच गेली. १९४७ मध्ये पुन्हा भिंत. त्यानंतर ब्रुकलिनच्या मैदानात भिंतींना गाद्या लागल्या. तेव्हा डोकं आपटलं, गरगरलं, मळमळलं की खेळाडू ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी त्याला बाहेर काढायचं आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय परत उतरवायचं नाही. मेजर लीगने २०११ मध्ये यासाठी, डोक्याला मार बसलेल्या खेळाडूंची, सात दिवसांची वेगळी यादीच केली, म्हणजे त्याच्या जागी संघाला दुसरा खेळाडू घेता येतो.